ट्रॅक डेला टायरमध्ये हवा किती?

पुण्या-मुंबईहून हजारावर किलोमीटर कापून कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी वेगात चालवायला, म्हणजे ट्रॅक डेला, जाणारी मंडळी निघण्याआधी ब्रेक फ्लुइड बदलतात, पॅड तपासतात, इंजिन ऑइल बघतात. टायरमधल्या हवेचा विषय निघाला, की मात्र बहुतेकांचं काम ऐकीव माहितीवर चालतं. रस्त्याला धरून ठेवणारी गाडीची एकमेव गोष्ट म्हणजे ते चार टायर. त्यामुळे हा विषय असा सोडून देण्यासारखा नाही.

‘ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर ३२ लिहिलंय, तेवढी भरली की झालं,’ हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य. तो आकडा खरा आहे, पण तो थंड टायरचा आणि रोजच्या रस्त्यासाठीचा. ट्रॅकवर टायर जेवढा तापतो तेवढा तो हायवेवर सहसा तापत नाही, आणि बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब चढतोच. किती चढतो याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. गेज वातावरणापेक्षा जास्त असलेला दाबच दाखवतं, म्हणून आकड्यात वातावरणाचे १४.७ पीएसआय मिळवायचे आणि तापमान केल्विनमध्ये घ्यायचं. सकाळी २७ अंश सेल्सिअसला ३२ पीएसआय भरलेल्या टायरमधली हवा ७७ अंशांपर्यंत गेली, तर गेजवर जवळपास ४० दिसतात. समजा, तुमच्या गाडीला आणि टायरला गरम असताना ३६ योग्य आहेत. मग सुरुवात २९च्या आसपास करावी लागेल. ट्रॅकवर महत्त्वाचा आकडा गरम टायरचा. थंड आकडा म्हणजे तिथं पोचण्यासाठी केलेला अंदाज.

(टायरच्या साइडवॉलवर कोरलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. तिथपर्यंत हवा भरण्याचं काहीच कारण नाही.)

थंड टायरमध्ये हवा कमी भरायची म्हटलं, की दुसरा, जास्त धोकादायक समज निघतो: हवा जितकी कमी, तितकी ग्रिप जास्त. वाळूत जीप घालणारे हवा निम्म्यावर आणतात आणि त्यांचं बरोबरच आहे, कारण मऊ जमिनीवर टायर पसरला की गाडी रुतत नाही. डांबरावर वेगात वळताना टायरवर आडवा जोर येतो. हवा फार कमी असली, तर साइडवॉल दुमडतो, टायर कडेवर लोळतो आणि ट्रेडचा मधला भाग पुरेसं काम करत नाही. स्टीअरिंग उशिरा प्रतिसाद देतं. साइडवॉल सतत वाकत राहिल्यानं आतून तापतो, आणि टायर फुटण्याची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. उलट हवा फार जास्त झाली, तर मधला पट्टा फुगतो, रस्त्याला कमी रबर लागतं आणि गाडी अचानक घसरते. योग्य दाब या दोहोंच्या मध्ये कुठंतरी असतो आणि तो प्रत्येक गाडीसाठी, प्रत्येक टायरसाठी वेगळा असतो. दुसऱ्याचा आकडा मागून घेणं ही फार तर सुरुवात.

योग्य दाब शोधायचा कसा? बऱ्याच टायरच्या खांद्यावर छोटे त्रिकोण असतात. त्यांच्या आसपास खडूची रेघ मारा, काही लॅप मारून या आणि खडू कुठपर्यंत पुसला गेला ते बघा. त्रिकोणाच्या पलीकडे साइडवॉलवरचाही खडू गेला असेल, तर टायर फार लोळतोय. याहून नेमकं उत्तर सुईच्या थर्मामीटरनं मिळतं. आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन जागी सुई रबरात टोचून तापमान घ्यायचं. इन्फ्रारेड गन फक्त पृष्ठभाग वाचते आणि तो पिटमध्ये येईपर्यंत निवलेला असतो. मध्य दोन्ही कडांच्या सरासरीपेक्षा गरम असेल तर हवा जास्त, थंड असेल तर कमी. इथं एक सावधगिरी हवी. नुसती बाहेरची कड तापली, तर लगेच हवेला दोष देऊ नका. रस्त्यावरच्या गाड्यांना निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणं) कमी असतो, आणि ती उणीव हवा भरल्यानं भरून निघत नाही.

नायट्रोजनबद्दलही बरंच बोललं जातं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि तापल्यावर ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्या वागण्यात गेजवर कळेल असा फरक पडत नाही. खरा फरक ओलाव्याचा. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी हवेबरोबर टायरमध्ये गेलं, की ते तापून वाफ होतं आणि दाब हिशेबाबाहेर चढतो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. नायट्रोजन कोरडा असतो हा त्याचा फायदा. टाकीतलं पाणी नियमित काढणाऱ्या कॉम्प्रेसरची कोरडी हवाही तेवढंच काम करते.

‘चारही टायरमध्ये सारखी हवा’ हा नियम रस्त्यावरही सगळ्या गाड्यांना लागू नाही. ट्रॅकवर तर डावी-उजवी बाजूही वेगळी पडते. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं धावतं. तिथल्या १० आणि ११ क्रमांकाच्या लांबलचक उजव्या वळणात गाडीचा भार डाव्या टायरांवर जातो, आणि पुढचा डावा सगळ्यात जास्त तापतो. थंड असताना चारही सारखे भरलेले टायर गरम होऊन परततात तेव्हा सारखे नसतात. म्हणून सेशन संपल्यावर पिटमध्ये थांबताक्षणी मोजायचं आणि जास्तीची हवा सोडायची. पाच-दहा मिनिटं गप्पांत गेली, की टायर निवतो आणि तो आकडा कामाचा राहत नाही. गेज स्वतःचं, आणि दिवसभर तेच एक.

दाब आणि तापमान वेगळे करता येत नाहीत, याचा धडा फॉर्म्युला वनच्या २०१५च्या इटालियन ग्रांप्रीत साऱ्या जगासमोर आला. त्याआधी बेल्जियमच्या शर्यतीत सेबास्टियन व्हेटेलचा मागचा टायर शर्यत संपत आली असताना फुटला होता. म्हणून मोंझाला, इटालियन ग्रांप्रीच्या ट्रॅकवर, टायर पुरवणाऱ्या पिरेलीनं किमान दाब वाढवला. ग्रिडवर तपासणीत लुईस हॅमिल्टनचा मागचा डावा टायर किमान मर्यादेच्या ०.३ पीएसआय खाली आणि त्याच्याच संघातल्या निको रोझबर्गचा १.१ खाली निघाला. हॅमिल्टन शर्यत जिंकला आणि चौकशी सुरू झाली. टायर तापवणारे ब्लँकेट मोजणीच्या वेळी बंद होते, टायर निवले होते, आणि संघानं हवा भरली तेव्हा दाब मर्यादेत होता हे मान्य करून पंचांनी कारवाई केली नाही. आपल्याकडे तर ब्लँकेटही नसतात. ग्रेटर नोएडात थंडीतल्या सकाळी भरलेला टायर दुपारी नुसता उभा असतानाच दोनेक पीएसआय चढलेला असू शकतो, आणि उन्हाच्या बाजूचा त्याहून जास्त. हवा सावलीत भरा.

दिवस संपला की एक काम राहतं, आणि तेच विसरलं जातं. गरम टायरमधून सोडलेली हवा परत येत नाही. संध्याकाळी टायर निवले की गेजवर २७-२८ दिसतील, आणि पुढे सामानानं भरलेल्या गाडीनिशी रात्रीचा हायवे असतो. निघण्यापूर्वी टायर पूर्ण थंड होऊ द्या, साइडवॉलला फुगा किंवा चीर नाही ना ते हातानं चाचपून बघा, आणि डिकीतल्या पंपानं हवा दारावरच्या स्टिकरच्या आकड्यापर्यंत आणा.