पितळेवरच्या डागांचा दोष चिंचेचा नाही

चिंचेने घासून लख्ख केलेल्या समईवर पांढुरके ठिपके उमटले की लोक चिंचेला नावं ठेवतात. पण ठिपक्यांची जागा बघा: थेंब जिथे साचून सुकतो तिथेच, म्हणजे कडेला आणि खोबणीत. पाणी उडून जातं, त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. पुण्यात खडकवासल्याचं नळाचं पाणी त्यामानाने हलकं, बोअरवेलचं मात्र बहुधा जड. काळ्या दगडातून मुरताना ते क्षार घेऊनच येतं. कोणी म्हणेल, उन्हात ठेवा की झालं. उन्हात थेंब लवकर सुकतो खरा, पण क्षार तेवढेच उरतात. मग चिंच वाढवावी? तिच्यातलं आम्ल जुना थर काढतं, पण शेवटी त्याच जड पाण्याने विसळलं तर नवा बसणारच. शिवाय आम्लात फार वेळ ठेवलं तर जस्त सुटून पितळ तांबूस दिसू लागतं. म्हणून शेवटचं विसळणं आरओच्या नाहीतर डिस्टिल्ड पाण्याने करा आणि लगेच सुती फडक्याने कोरडं पुसा. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र वापरू नका, त्यात क्षार उलट जास्तच असतात.