गायतोंडे: रंग चढवणं आणि उचलणं

चित्रकार वासुदेव गायतोंडे म्हटलं की मौन, झेन, एकांत हे शब्द आधी पुढे येतात. ते खोटे नाहीत. गिरगावात वाढलेला हा माणूस निसर्गदत्त महाराजांकडे जात असे, रमण महर्षी वाचत असे. पण या शब्दांच्या ओझ्याखाली त्यांचं हातकाम झाकलं जातं, आणि मला तर खरे गायतोंडे तिथेच भेटतात.

१९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका घेतली, तेव्हा त्यांच्या चित्रांत माणसं होती, लघुचित्रांतले सपाट, तेजस्वी रंग होते. मग चित्रकार पॉल क्लीचा प्रभाव आला. रेषा मोकळी झाली, हळूहळू तीही मागे पडली आणि रंग उरला. पन्नासचं दशक संपता संपता, भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करत असतानाच, आकृती चित्रातून निघून गेली होती. १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर ते न्यूयॉर्कला गेले, अमूर्त चित्रकार रॉथकोला भेटले. त्या भेटीवर फार लिहिलं जातं. वळण मात्र त्याआधीच घेऊन झालं होतं.

साठच्या दशकात ब्रशची जागा रोलर आणि पॅलेट नाइफनं घेतली. रंगाचा थर द्यायचा, काही भाग खरवडून काढायचा, पुन्हा थर. कागदाचे फाडलेले, कापलेले तुकडे रंगात बुडवून कॅनव्हासवर दाबायचे आणि उचलून घ्यायचे. मागे राहतात त्या खुणा कुठल्यातरी विसरलेल्या लिपीसारख्या दिसतात, पण वाचता येत नाहीत. दैवावर सोडल्यासारखं वाटणारं हे काम कमालीचं काटेकोर होतं. कुठला तुकडा कधी उचलायचा, हे ओल्या रंगाच्या अंगानं ठरे. म्हणूनच वर्षाला पाच-सहा चित्रं, क्वचित त्याहूनही कमी. बाकीचा वेळ बघण्यात, विचारात जाई.

१९७२ मध्ये दिल्लीला, निजामुद्दीनला बिऱ्हाड हललं. १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला आणि मोठा कॅनव्हास पेलेना, तेव्हा कागदावर शाईनं कामं केली. त्या छोट्या कागदांकडे अजून पुरेसं लक्ष गेलेलं नाही, याची मला खंत आहे. पुढे ते तैलरंगांकडे परतले. २००१ मध्ये गेले.

२०१३ च्या लिलावात एका चित्राला २३ कोटींवर किंमत आली, २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात प्रदर्शन झालं. आता पुस्तकांत, पडद्यावर ही चित्रं सहज सापडतात. त्यांत थर मात्र सपाट होतात. मूळ चित्रासमोर जवळ उभं राहून कडेनं पाहिलं, तरच खालचा रंग वरच्यातून कसा झिरपतो ते कळतं.