कनिष्ठ महाविद्यालय (महाराष्ट्र)

कनिष्ठ महाविद्यालय ही महाराष्ट्रात इयत्ता अकरावी व बारावीचे शिक्षण देणारी संस्था होय. दोन वर्षांच्या या टप्प्याची अखेर महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या उच्च माध्यमिक प्रमाणपत्र परीक्षेने होते. ही परीक्षा सर्वसाधारणपणे 'बारावीची परीक्षा' म्हणून ओळखली जाते. काही कनिष्ठ महाविद्यालये माध्यमिक शाळेला आणि काही वरिष्ठ महाविद्यालयाला जोडलेली असतात, तर काही स्वतंत्रपणे चालतात. ग्रामीण व निमशहरी भागात एक-दोन शाखा आणि मोजक्याच तुकड्या असलेली लहान महाविद्यालये मोठ्या संख्येने आढळतात.

पार्श्वभूमी

कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिफारस केलेला १०+२+३ हा आकृतिबंध स्वीकारण्यापूर्वी महाराष्ट्रात अकरावीच्या अखेरीस शालान्त परीक्षा होत असे. नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली व त्यानंतर कनिष्ठ महाविद्यालयांचे वर्ग सुरू झाले. शाळा आणि विद्यापीठ यांच्या मधला हा स्तर नावाने 'महाविद्यालय' असला, तरी प्रशासनाच्या दृष्टीने तो शालेय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतो. त्यामुळे येथील सेवकवर्गाला विद्यापीठीय नव्हे, तर शालेय सेवानियम लागू होतात.

शैक्षणिक वर्ष

अध्यापन मुख्यत्वे कला, वाणिज्य व विज्ञान या तीन शाखांत चालते. काही ठिकाणी द्विलक्ष्यी व व्यावसायिक अभ्यासक्रमही असतात. अकरावीचे प्रवेश पूर्वी महाविद्यालये स्वतःच्या स्तरावर देत असत. मुंबई विभागात २००९ पासून केंद्रीय ऑनलाइन प्रवेशपद्धती सुरू झाली, ती टप्प्याटप्प्याने इतर शहरांत गेली आणि २०२५-२६ पासून संपूर्ण राज्याला लागू झाली.

अकरावीची वार्षिक परीक्षा महाविद्यालय स्वतः घेते, बारावीची परीक्षा मात्र मंडळ घेते. विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांना लेखी परीक्षेचे ७० आणि प्रात्यक्षिकाचे ३० गुण असतात. लेखी परीक्षा साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. तत्पूर्वी आवेदनपत्रे भरणे, प्रवेशपत्रांचे वाटप आणि प्रात्यक्षिक परीक्षा पार पाडणे, ही कामे महाविद्यालयाला करावी लागतात.

शिक्षकेतर कर्मचारी

अध्यापनाखेरीज महाविद्यालयाचा कारभार शिक्षकेतर कर्मचारी सांभाळतात. त्यांत मुख्य, वरिष्ठ व कनिष्ठ लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, प्रयोगशाळा परिचर, नाईक, शिपाई, पहारेकरी, सफाई कामगार इत्यादी पदांचा समावेश होतो. लहान महाविद्यालयात ही सर्व पदे क्वचितच असतात. शाळेला जोडलेल्या वर्गांचे कामकाज बहुधा शाळेच्याच कार्यालयातून चालते.

लिपिकाकडे सर्वसाधारण नोंदवही, शुल्क, शिष्यवृत्तीचे अर्ज, बोनाफाईड प्रमाणपत्रे आणि 'शालार्थ' प्रणालीतील वेतनदेयके ही कामे असतात. त्यांपैकी सर्वसाधारण नोंदवहीला विशेष महत्त्व आहे. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख व जात यांच्या नोंदी तीत असतात व त्यांवरूनच संस्था सोडल्याचा दाखला तयार होतो. जात पडताळणीच्या प्रकरणांत अशा जुन्या नोंदी पुरावा म्हणून तपासल्या जातात. राखीव प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला जात वैधता प्रमाणपत्र आवश्यक असते व त्यासाठीचा अर्ज तो बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत करतो. त्यामुळे नोंदीतील चूक किंवा अर्ज पाठविण्यातील विलंब थेट त्याच्या पुढील प्रवेशावर परिणाम करू शकतो.

प्रयोगशाळा सहायक द्रावणे तयार करणे, उपकरणे मांडणे व साहित्याची नोंद ठेवणे ही कामे करतो. परिचर स्वच्छता व मांडामांडीस मदत करतो. ही पदे रिक्त असल्यास तयारीचा भार विषयशिक्षकावर पडतो आणि प्रात्यक्षिकांचे तास कमी होण्याची शक्यता असते. परीक्षेच्या काळात बाकांवर बैठक क्रमांक टाकणे, वेळेनुसार घंटा देणे, पाणी पुरविणे व साहित्याची ने-आण करणे ही कामे शिपाई करतात.

सेवाशर्ती

खासगी संस्थांतील शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या सेवा 'महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७' आणि त्याखालील १९८१ च्या नियमावलीने नियंत्रित होतात. बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनती झाल्यास कर्मचाऱ्याला ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. सेवानिवृत्तीचे वय सामान्यतः ५८ वर्षे, तर चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांसाठी ६० वर्षे आहे.

प्रत्यक्ष वेतन मात्र संस्थेच्या अनुदानावर अवलंबून असते. अनुदानित पदांचे वेतन शासन देते. विनाअनुदानित व अंशतः अनुदानित संस्थांत सर्व किंवा उर्वरित भार व्यवस्थापनावर असल्याने एकाच प्रकारचे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या उत्पन्नात मोठी तफावत आढळते. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाकारण्यात आली. ती पूर्ववत करण्याच्या मागणीसाठी मार्च २०२३ मध्ये झालेल्या राज्यव्यापी संपात शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारीही सहभागी होते.

चतुर्थश्रेणी पदांचा प्रश्न

११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांतील चतुर्थश्रेणी पदांवर नियमित वेतनश्रेणीत नवी भरती करण्याऐवजी संस्थांना ठोक 'शिपाई भत्ता' देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. कार्यरत कर्मचाऱ्यांची पदे ते निवृत्त होईपर्यंत कायम राहतात व नंतर व्यपगत होतात. या धोरणाला शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या व संस्थाचालकांच्या संघटनांनी विरोध केला. शासनावरील वेतन व निवृत्तिवेतनाचा भार यामुळे कमी होतो. दुसरीकडे, अल्पशिक्षित व्यक्तींना आपल्याच गावात कायम नोकरी मिळवून देणारा एक मार्ग बंद होतो. लहान महाविद्यालयात अशी एक-दोनच पदे असल्याने एका निवृत्तीनंतर वर्ग उघडण्यापासून टपाल पोहोचविण्यापर्यंतची कामे उरलेल्या सेवकांत वाटून घ्यावी लागतात.