एक अधिक एक, तरी एकच

सी भाषेत एखाद्या आकड्यात एक मिळवायला चार-सहा अक्षरे पुरतात, त्यामुळे ते काम एका दमात होत असेल असे वाटते. प्रत्यक्षात बहुधा त्याच्या तीन पायऱ्या असतात: आकडा मेमरीतून उचलायचा, एक मिळवायचा, परत ठेवायचा. प्रोग्रॅमचे दोन थ्रेड, म्हणजे एकाच मेमरीवर सोबतीने चालणारे कामाचे दोन धागे, नेमके मधल्या क्षणी एकमेकांत घुसले की दोघेही १०० उचलतात आणि दोघेही १०१ ठेवून मोकळे होतात. एक बेरीज हरवते, आणि मागे खूणही राहत नाही. असा गोंधळ माणसांनाही भोवतो: थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडातल्या सहा रुग्णांना भयंकर जादा मात्रा दिली. टेक्सासमध्ये ऑपरेटरने स्क्रीनवरची नोंद आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केली, तर यंत्रात सोबत चालणाऱ्या दुसऱ्या कामाला ती दुरुस्ती कळतच नसे. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अपघातांच्या चिकित्सेत एक साधे निरीक्षण आहे: सामाईक खूण तपासणे आणि ती बदलणे ही तिथे अखंड क्रिया नव्हती. (ते सॉफ्टवेअर सीमध्ये नव्हते, रोग मात्र तोच.)

यावर सीच्या लायब्ररीत दोन उपाय आहेत. म्युटेक्स म्हणजे कुलूप: एक थ्रेड आत, बाकीचे दाराशी. ॲटॉमिक क्रिया म्हणजे त्या तिन्ही पायऱ्या प्रोसेसरनेच अखंड करून देणे. माझ्या मते आधी कुलूप घ्यावे, ॲटॉमिककडे नंतर वळावे. कुलूप संथ असते हा आक्षेप आता जुना झाला. २००२ च्या सुमारास लिनक्समध्ये फ्युटेक्स ही कुलपांसाठीची सोय आली. तेव्हापासून दाराशी गर्दी नसेल तर कुलूप लावायला एखादी ॲटॉमिक क्रिया पुरते, कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, हाक मारावी लागते ती थांबायची वेळ आली तरच. शिवाय ॲटॉमिक सांभाळते एकच आकडा. एका खात्यातून रक्कम वजा आणि दुसऱ्यात जमा, या दोन्ही क्रिया स्वतंत्रपणे अखंड असल्या तरी मधेच कोणी एकूण बेरीज घेतली तर पैसे कमी भरतात. दोन आकड्यांमधले नाते कुलूपच राखते. निव्वळ मोजणी असेल, तर मात्र कुलपाचा खटाटोप कशाला?

काही अनुभवी मंडळी म्हणतात, आजचे प्रोसेसर साधा पूर्णांक अखंडच वाचतात, मग दोन्ही सोपस्कार कशाला? प्रोसेसरपुरते ते बरेचसे खरे आहे, पण वाटेत कंपायलर, म्हणजे सीचे यंत्रभाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम, बसलेला असतो. थ्रेड आहेत हे त्याला ठाऊक नसेल तर तो वेगासाठी वाचन-लेखनाचा क्रम बदलतो, कधी वाचन गाळूनही टाकतो. म्हणूनच थ्रेड निव्वळ लायब्ररी म्हणून उभारता येत नाहीत, असे संगणकशास्त्रज्ञ हान्स बोम यांनी २००५ मध्ये मांडले, आणि २०११ च्या सी प्रमाणकाने अशा बेशिस्त वाचन-लेखनाला कसलीच हमी ठेवली नाही. राहिला अडकण्याचा धोका. दोन थ्रेड एकमेकांच्या कुलपाची वाट पाहत खरोखरच खिळून बसतात. सगळ्यांनी कुलपे ठरलेल्या क्रमाने घेतली तर ते टळते. आणि टळले नाहीच, तरी खिळलेला प्रोग्रॅम डीबगरमध्ये उघडला की कोण कोणत्या ओळीवर थांबले आहे ते दिसते. हरवलेला एक तिथे दिसत नाही.