ठिणगीविना पेटणारी आग

डिझेलच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतो. मग इंधन पेटतं कशानं? नुसत्या दाबलेल्या हवेनं! सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, तेच इथे कितीतरी पटींनी जोरात घडतं. पिस्टन वर येतो आणि हवेला मूळ जागेच्या सोळाव्या हिश्श्यात कोंडतो. ती पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्याच क्षणी इंजेक्टरमधून डिझेलचा बारीक फवारा सुटतो आणि आपसूक पेट घेतो. मिनिटाला दोन हजार फेरे मारणाऱ्या इंजिनात, एकेका सिलिंडरमध्ये, हे सेकंदाला सोळा वेळा!

रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाने 1897 साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये इंधनातली सुमारे 26 टक्के उष्णता कामाला लावून दाखवली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना याच्या निम्मंही सहसा जमत नव्हतं. हवा जितकी जास्त दाबावी, तितकं पेटलेल्या वायूला पसरायला अंतर मिळतं आणि तो पिस्टनला तितका जास्त रेटतो. डिझेल गाडीच्या ॲव्हरेजचं मुख्य मर्म इथे आहे.

पण लिटरला लिटर लावून केलेली तुलना फसवी असते. लिटरभर डिझेलचं वजन एक किलोही भरत नाही, तरी ते जळल्यावर सुमारे 2.6 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वाढीव वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. पेट्रोलसाठी हाच आकडा 2.3 च्या आसपास आहे. म्हणजे डिझेल ॲव्हरेजमध्ये जे कमावतं, त्यातलं काही इथे परत जातं.

मला सगळ्यात थक्क करतो तो नायट्रोजन. हवेचा 78 टक्के भाग असलेला हा वायू सहसा कशाच्या वाटेला जात नाही. ज्वाळेच्या प्रचंड उष्णतेत मात्र त्याची ऑक्सिजनशी गाठ पडते आणि फुप्फुसांना जाचणारी नायट्रोजन ऑक्साइडं तयार होतात. ज्वाळा थंड करावी, तर काजळी वाढते. ॲव्हरेज आणि विष एकाच आगीतून येतात, म्हणून इलाज सायलेन्सरच्या वाटेवर करावा लागतो: काजळी जाळीत अडवून नंतर जाळायची आणि अनेक गाड्यांत धुरावर युरियाचं द्रावण फवारायचं. शेतात खत म्हणून पडतो तोच युरिया! त्यातून निघणारा अमोनिया त्या विषाचं पुन्हा नायट्रोजन आणि पाणी करून टाकतो.

हे सगळं खर्चिक असतं, म्हणून पळवाटेचा मोहही होतो. फोक्सवॅगन या मोटार कंपनीने गाडीची चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं होतं. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्या चमूने डिकीत यंत्रं ठेवून गाड्या रस्त्यावर पळवल्या, तेव्हा आकडे जुळेनात. सप्टेंबर 2015 मध्ये प्रकरण फुटलं.

भारतात 2020 मध्ये बीएस-6 हे धुराचं मानक आलं आणि डिझेल मोटारीच्या नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला 250 मिलिग्रॅमवरून 80 वर आली. एप्रिल 2023 पासून नव्या मॉडेलांचा धूर खऱ्या रस्त्यावर, धावत्या गाडीत मोजणंही नियमात आलं आहे.