पाटणादेवीच्या कुंडात उतरण्याआधी पाऊस कुठल्या जिल्ह्याचा बघायचा?

पाऊस सुरू झाला की असोदा, जळगाव, भुसावळकडच्या ग्रुपवर एकच विषय असतो. रविवारी कुठे जायचं? रील्समध्ये डोंगराच्या कपारीतून चालत जाऊन कुंडात उडी मारणारी पोरं दिसतात. आपल्या खान्देशात असं ठिकाण म्हणजे चाळीसगावजवळचं पाटणादेवी. केदारकुंड, धवलतीर्थ हे धबधबे इथेच आहेत.

पण निघण्याआधी एक गोष्ट समजून घ्या.

ऊन असताना पूर कसा येतो?

पाटणादेवी डोंगराच्या पायथ्याशी आहे. डोंगरावर कन्नड तालुक्याचं पठार आहे, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्हा. वर जोराचा पाऊस झाला, तर बेसॉल्टच्या कातळात पाणी फारसं मुरत नाही. ते ओढ्यांतून थेट खालच्या घळीत येतं. घळ अरुंद असल्यामुळे पातळी काही मिनिटांत वाढते.

31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावने हेच पाहिलं. डोंगरात अतिवृष्टी झाली आणि डोंगरी, तितूर नद्यांचं पाणी शहरात शिरलं. अमेरिकेतल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये 12 ऑगस्ट 1997 ला 11 पर्यटक वाहून गेले, तेव्हा पाऊस कित्येक किलोमीटर दूर पडला होता.

म्हणून हवामान खात्याचा अलर्ट जळगावसोबत संभाजीनगरचाही बघा. जळगाव ग्रीन आणि संभाजीनगर ऑरेंज असेल, तर बेत पुढे ढकला. विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' अ‍ॅप आहे.

दिवसाचं नियोजन कसं करायचं?

असोद्याहून जळगाव, तिथून रेल्वेने चाळीसगाव आणि पुढे गाडीने साधारण 18 किमी. हा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. त्यामुळे आधी वनविभागाच्या चौकीवर नोंद करा आणि कुंडात उतरू देतात का, तेही तिथेच विचारा. नाही म्हणाले तर विषय संपला.

सकाळी लवकर चाला, दुपारच्या आत पाण्याबाहेर या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गडगडाटी पाऊस बहुतेकदा दुपारनंतरच येतो. डोंगरात रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे कुठे चाललोय आणि कधी परतणार हे घरी सांगून निघा.

पाण्यात काय लक्षात ठेवायचं?

- वरून उडी नको. गढूळ पाण्याखालचा दगड दिसत नाही.
- धबधब्याच्या धारेखाली उभं राहू नका, पाण्यासोबत दगडही येतात.
- विहिरीत पोहता येतं म्हणून वाहत्या पाण्यात येईलच असं नाही. वेगाचं पाणी अर्धा फूट असलं तरी मोठ्या माणसाचे पाय सुटतात.
- निवळ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा आणि काड्या वाहत आल्या किंवा वरून घुमल्यासारखा आवाज आला, तर लगेच बाहेर पडा.
- प्रवाहाच्या दिशेने खाली पळू नका, बाजूच्या उंच जागेवर चढा. बॅग, चपला, मोबाइल राहू द्या.

अडकलो तर?

उंचावर थांबा. एकमेकांचे हात धरून प्रवाह ओलांडायचा प्रयत्न करू नका. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले लोक एकमेकांना धरून उभे होते, पाणी वाढलं आणि पाच जण गेले. रेंज मिळाली की 112 लावा. असा लोंढा बऱ्याचदा काही तासांत ओसरतोही. दोन-तीन तास उशीर झाला तर घरचे रागावतील, एवढंच.

दोन्ही जिल्ह्यांचा अंदाज कोरडा असेल, तर खुशाल निघा. ही बातमी रविवारचा प्लॅन ठरवणाऱ्या ग्रुपवर नक्की टाका.