गाडीतलं गाणं अडखळतं तेव्हा

गाडीत ब्लूटूथवर गाणं मध्येच तुटायला लागलं की दोष हमखास स्पीकरला दिला जातो. पण स्पीकर बिघडला तर आवाज सहसा फाटतो, असा तुकड्या-तुकड्यांनी गायब होत नाही. तेव्हा आधी फोन कुठे आहे ते बघा. पँटच्या मागच्या खिशात असेल तर तुम्हीच आडवे आलेले असता, ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. फोन डॅशबोर्डवर ठेवा.

तरीही तुटतंय? मग लहरींची गर्दी शोधा. ब्लूटूथवर गाणं ७९ चॅनेलांवरून सेकंदाला जास्तीत जास्त १६०० उड्या मारत जातं. २००३ च्या १.२ आवृत्तीपासून ब्लूटूथ गजबजलेले चॅनेल टाळतंही. पण वायफायचा एकच चॅनेल यातले वीसेक अडवतो. गाण्याची हरवलेली डेटा-पाकिटं पुन्हा पाठवावी लागतात, तोवर गाडीने साठवलेला गाण्याचा तुकडा संपतो आणि गाणं थांबतं. फोनचं वायफाय, डॅशकॅमचं वायफाय, स्मार्टवॉच असं एकेक बंद करत जा, चोर सापडतो.

फोनचा बॅटरी सेव्हरही बंद करा. मग फोन आणि गाडी, दोन्हीकडची जुनी जोडणी पुसून नव्याने पेअर करा. नुसतं फोनमधून पुसणं हे अर्धवट काम. एवढ्यावरही अडखळलं, तर माझ्या मते सरळ केबल लावा.